पुण्याचे पाणी: कात्रजच्या नळापासून मुंढव्याच्या जॅकवेलपर्यंत

पुण्याच्या पाण्याची चर्चा दरवर्षी जूनच्या सुमारास, खडकवासला धरणसाखळीतील साठ्याचे आकडे वर्तमानपत्रांत ठळकपणे येऊ लागले की सुरू होते आणि धरणे भरून मुठा नदीत विसर्ग सोडला गेला की थांबते. साहजिकच सारे लक्ष धरणात किती पाणी आहे याकडे राहते. ते शहरात कसे पोहोचते आणि कोणाच्या वाट्याला किती येते याकडे फारसे जात नाही. हा कल आजचा नाही. शहराचा पाण्याचा इतिहास पाहिला तर पाणी लांबून आणण्याची कामे हिरिरीने झालेली दिसतात, आणि वाटपाची व्यवस्था मात्र प्रत्येक वेळी मागाहून, बऱ्याचदा संकट ओढवल्यावर उभी राहिलेली दिसते.

पेशव्यांची राजधानी झाल्यावर पुण्याची वस्ती झपाट्याने वाढली आणि विहिरी, आड व नदी यांवर भागेना. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास कात्रजच्या घाटाखाली तलाव बांधण्याचे काम हाती घेतले आणि तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी, चुन्यात बांधलेला नळ आणला. पाणी उचलण्याची कोणतीही सोय नसताना केवळ उताराच्या जोरावर ते कित्येक किलोमीटर वाहत येत असे, यावरून त्या काळच्या कारागिरांची पातळी मोजण्यातली अचूकता लक्षात यावी. मार्गावर ठरावीक अंतराने उच्छ्वास, म्हणजे नळावर उघडणारी उभी बांधीव तोंडे, होती. कोंडलेली हवा बाहेर पडावी, गाळ तळाशी बसावा आणि माणसाला आत उतरून नळ साफ करता यावा, ही तिन्ही कामे या एकाच बांधकामाने साधली जात. आज आपण व्हॉल्व्ह, चेंबर आणि गाळटाकी अशा तीन निरनिराळ्या गोष्टी बसवतो, त्यांचे काम तो एक उच्छ्वास करत होता. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावाहून आणि रास्त्यांनी कोंढव्याहून स्वतंत्र नळ आणले.

हे पाणी घरोघर जात नसे. ते ठिकठिकाणच्या हौदांत पडे आणि लोक तेथून भरून नेत. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी हौद ही नावे पेठांच्या पत्त्यांत आजही आहेत. हौद सार्वजनिक म्हटले जात असले तरी अस्पृश्य मानलेल्या जातींना तेथे पाणी भरता येत नसे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. पुण्याच्या पाणीपुरवठ्याच्या नोंदींत तलाव बांधणाऱ्यांच्या पंक्तीला या घटनेलाही स्थान असायला हवे, कारण पाणी गावात आले म्हणजे ते सर्वांना मिळाले असे होत नाही, हे या शहरात कृतीने दाखवून देणारी ती पहिली ठळक गोष्ट आहे.

इंग्रजी अमदानीत लष्कर आणि खडकी या छावण्यांची गरज व दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील शेती अशा दोन्हींचा विचार करून मुठा नदीवर खडकवासल्याला धरण बांधण्याचे ठरले. फाइफ या लष्करी अभियंत्याच्या आखणीनुसार १८६९ च्या सुमारास काम सुरू झाले आणि ते दहा वर्षे चालले. जलाशयाला त्याच्याच नावावरून लेक फाइफ म्हणत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, ती अशी की हे धरण केवळ शहरासाठी कधीच नव्हते. त्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याजवळून पुण्यातून पुढे हडपसरकडे आणि तेथून दौंडच्या दिशेने जातो. शहर आणि हवेली, दौंड या तालुक्यांतील शेतकरी एकाच कालव्याचे भागीदार झाले ते तेव्हापासून, आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उन्हाळी आवर्तनावरून, म्हणजे शेतीसाठी कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळीवरून, आज जी ओढाताण होते तिचे मूळ तिथेच आहे.

१९५० मध्ये पुण्यात महानगरपालिका आली. त्याच दशकात मुठेची उपनदी असलेल्या आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण उभे राहू लागले. त्याची कथा पुण्यात सर्वांना माहीत असली तरी तिचा तांत्रिक भाग सहसा सांगितला जात नाही. पाणी सोडण्याच्या मोरीचे आणि तिच्या दरवाजाच्या यंत्रणेचे काम अपुरे असतानाच १९६१ च्या पावसाळ्यात धरणात पाणी साठले. अर्धवट मोरीतून जोराने वाहणाऱ्या पाण्याने वरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, आणि तो लोंढा अंगावर घेऊन खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्याच दिवशी गेले. नदीकाठचे शहर उद्ध्वस्त झाले, आणि पूर ओसरला तेव्हा नळांना पाणी नव्हते, कारण कालव्याला पाणी देणारा जलाशयच उरला नव्हता. ज्या विहिरी आणि हौद कालबाह्य म्हणून सोडून दिले होते त्यांच्याकडे लोकांना पुन्हा वळावे लागले. सगळे शहर एकाच स्रोतावर ठेवण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट दिसणे शक्य नव्हते.

तरीही त्यानंतरचा विस्तार त्याच खोऱ्यात झाला. दोन्ही धरणे पुन्हा बांधली गेली, मोसी नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर धरण झाले, आणि साखळीची साठवण सुमारे २९ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) पोहोचली. टेमघरच्या भिंतीतून मोठी गळती होत असल्याचे २०१६ मध्ये उघड झाले आणि तिच्या दुरुस्तीसाठी पुढे काही वर्षे धरण रिकामे करावे लागले. शहरासाठी मंजूर कोटा दीर्घकाळ ११.५ टीएमसी होता, पण प्रत्यक्ष वापर अलीकडे वीस टीएमसीच्या पुढे गेला आहे. हा फरक जलसंपदा विभाग आणि पालिका यांच्यातील कायमच्या वादाचा विषय आहे. वाढत्या वापरापैकी मोठा हिस्सा जुन्या वाहिन्यांतून गळतो किंवा मोजमापाबाहेर राहतो, म्हणून टाक्या, नव्या वाहिन्या आणि मीटर यांची समान पाणीपुरवठा योजना २०१८ च्या सुमारास प्रत्यक्षात सुरू झाली. माझ्या मते ही योजना निदान तीन दशके आधी व्हायला हवी होती.

पूर्व भागासाठी खेड तालुक्यातील भामा आसखेड धरणातून पाणी आणणारी योजना जानेवारी २०२१ मध्ये कार्यान्वित झाली. दुसरा स्रोत जोडण्याचे हे महत्त्वाचे पाऊल खरे, पण पुनर्वसनाच्या प्रलंबित मागण्यांसाठी धरणग्रस्त शेतकऱ्यांनी तिचे काम वारंवार थांबवले होते, हेही नोंदवले पाहिजे.

या काळात पालिकेची हद्द मात्र पाण्याच्या जाळ्याच्या कितीतरी पुढे गेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. कर पालिकेचा आणि पाणी टँकरचे, अशी तेथील अनेक सोसायट्यांची स्थिती आहे. २०२५ च्या सुरुवातीला मुख्यतः सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे संशयित रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याकडे संशयाचे बोट गेले. खडकवासल्याच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या गावांना शुद्धीकरण केंद्रातून नव्हे, तर विहिरीतून केवळ क्लोरिन मिसळून पाणी दिले जात होते, ही माहिती तेव्हा सर्वांसमोर आली.

शेतीचा वाटा शहराने घ्यायचा तर त्याची परतफेड प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याने करायची, या तत्त्वावर मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी पंपाने उचलण्याची विहीर, बांधण्यात आले. नदीतून उचललेले हे पाणी ‘बेबी कालवा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कालव्यात सोडले जाते आणि वर्षाला ६.५ टीएमसी देण्याचे पालिकेचे बंधन आहे. कल्पना योग्य आहे, पण शहराच्या सर्व मैलापाण्यावर अजून प्रक्रिया होत नसल्याने कालव्यात जाणाऱ्या पाण्याच्या प्रतीबद्दल हवेली व दौंडमधील शेतकऱ्यांच्या तक्रारी कायम आहेत. शहराच्या पुढच्या प्रत्येक वाढीव कोट्याच्या मागणीला जलसंपदा विभागाचा पहिला प्रश्न मुंढव्यातून किती पाणी सोडले हाच असतो.