गायक-रचनाकार परंपरा (पुणे)

स्वतः रचलेले पद किंवा स्वतः बांधलेली चाल स्वतःच्याच गळ्याने लोकांपुढे मांडणाऱ्या कलावंतांची पुण्यातील परंपरा. उत्तर पेशवाईतील शाहिरांपासून अलीकडच्या कवितागायनाच्या कार्यक्रमांपर्यंत तिचा माग काढता येतो. मात्र तो सलग नाही. शब्द, चाल आणि गळा ही तिन्ही कामे एकाच माणसाने केल्याची उदाहरणे थोडी आहेत. बहुतेकांनी दोन सांभाळली आणि तिसऱ्यासाठी जोडीदार गाठला. यांतील नामवंतांनी आयुष्यात एकापेक्षा अधिक गानप्रकार हाताळले. प्रकार का बदलला, याचे उत्तर चरित्रकार सहसा स्वभावात, गुरूपदेशात किंवा पश्चात्तापात शोधतात. समोरचा श्रोता बदलला, ऐकवण्याचे साधन बदलले, म्हणून गाणेही बदलले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

परंपरेच्या आरंभी सामान्यतः रामजोशी यांचे नाव घेतले जाते. ते मूळचे सोलापूरचे. जन्म १७५८ चा की १७६२ चा, याविषयी एकमत नाही. मृत्यू १८१२ च्या सुमाराचा. घराणे वैदिकांचे, थोरले बंधू पुराणिक, आणि धाकट्याचा ओढा मात्र तमाशाच्या फडाकडे. त्यावरून घर सुटले, पंढरपुरास संस्कृताचे अध्ययन झाले आणि पुढे स्वतःचा फड उभा राहिला, असा चरित्राचा सर्वमान्य सांगाडा आहे. ‘सुंदरा मनामधि भरली’सारखी शृंगारिक लावणी आणि ‘हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशि का शिरी’सारखी उपदेशपर रचना, दोन्ही त्यांच्याच. दुसऱ्या ओळीतील ‘टा’ची आवर्तने मोठ्याने म्हणून पाहावीत. प्रत्येक ‘टा’ डफाच्या थापेवर पडतो; ही ओळ कागदावर जुळवलेली नसून वाद्यासमोर बसून केलेली आहे, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. पंडिती यमकांचा सोस त्यांना होता खरा, पण तो तालाच्या कामी आला.

रामजोशींनी तमाशा सोडून कीर्तन धरले, हे प्रसिद्ध आहे. बारामतीस मोरोपंतांनी त्यांचे कवन ऐकले, एवढी बुद्धी ईश्वराच्या गुणगानाकडे लावावी असे सुचवले आणि रामजोशींनी डफ टाकला, अशी कथा परंपरेने सांगतात. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी त्यांच्या लावण्यांचा सन्मान झाला, असेही तीच परंपरा सांगते. या दोन गोष्टी एकत्र बसवताना अडचण येते. मोरोपंतांचा मृत्यू एप्रिल १७९४ मधला, तर दुसरा बाजीराव गादीवर आला डिसेंबर १७९६ मध्ये. बारामतीचा प्रसंग खरा धरला, तर दरबारातील लावणी त्यानंतरची ठरते, म्हणजे डफ काही सुटला नव्हता. दरबारातील गौरव कीर्तनकाराचा होता असे म्हटले, तर लावणीवरील राजाश्रयाची कथा सैल पडते. काही अभ्यासक पहिली आख्यायिका बाजूला ठेवतात, काही दुसरी. दोन्ही गानप्रकार बराच काळ शेजारी शेजारी चालले असावेत, हे मत अधिक ग्राह्य दिसते: रात्रीच्या फडास एक, देवळातील श्रोत्यांस दुसरा. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून घरोघरी पोचवण्यात रामजोशींचा वाटा मोठा होता, याबद्दल मात्र दुमत नाही. संगमनेरच्या अनंत फंदी (१७४४–१८१९) यांच्याविषयीही अगदी याच साच्याची कथा आहे. तेथे उपदेश करणाऱ्या अहिल्याबाई होळकर आहेत. दोन शाहिरांची आयुष्ये एकाच वळणावर इतकी सारखी वळावीत, यात कीर्तनकारांनी नंतर केलेल्या मांडणीचा भाग किती, हा प्रश्न उरतो.

होनाजी बाळा हे नाव एका व्यक्तीचे वाटते. ते दोघांचे आहे. कवने होनाजी शिलारखाने यांची, गळा बाळा करंजकर यांचा. शब्द आणि आवाज यांची अशी उघड वाटणी करणारी पुण्यातील ही पहिली प्रसिद्ध जोडी. लावणी रागदारीच्या अंगाने, ढोलकीऐवजी तबल्यावर म्हणण्याची रीत होनाजींनी पाडली, असे मानतात. रीत एकट्याने पाडली की बैठकीच्या श्रोत्यांनी ती पाडून घेतली, हे सांगणे कठीण. पण वाड्यातील दिवाणखाना आणि उघड्यावरचा फड यांना एकच ठेका चालला नसता, एवढे नक्की. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ ही त्यांची भूपाळी लावणीच्या श्रोत्याबाहेर जाऊन घराघरांतील पहाटेची झाली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि शाहिरांचा आश्रय आटला. त्यानंतरचा ठळक टप्पा थेट ३१ ऑक्टोबर १८८० चा. त्या दिवशी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. पदे अण्णासाहेबांची, चालींची निवड त्यांची, आणि सूत्रधाराच्या भूमिकेत रंगमंचावर उभे तेच. चाली बहुतांशी नव्या नव्हत्या: साकी, दिंडी ही जुनी गेय वृत्ते, कीर्तनातील वळणे, लावणी आणि कानडी मुलखातील गाण्यांचे ढंग त्यांत मिसळले होते. त्या काळी चालीवर मालकी सांगण्याची पद्धत नव्हती. प्रेक्षकाला ओळखीची चाल ऐकू आली, तर पद चटकन तोंडी बसे, हा त्यातला व्यवहार. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांनी हीच वाट पुढे नेली.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून नाट्यपदाच्या चाली ख्यालाच्या बंदिशींवरून घेतल्या जाऊ लागल्या. या बदलामागे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) होते. पुण्यातील भारत गायन समाज त्यांनीच १९११ मध्ये स्थापन केला. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्या कारकिर्दीत गानप्रकारांची जेवढी विविधता आढळते, तेवढी त्यांच्या पिढीत क्वचितच. जन्म आळंदीचा; जन्मवर्ष बहुतेक ठिकाणी १८९८ दिले जाते, पण १८९१ असाही उल्लेख मिळतो. मृत्यू १९७४, पुणे. ख्यालगायक, नाटकातील गायक नट, गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांचे संगीतकार आणि १९३० नंतर प्रभात फिल्म कंपनीचे संगीत दिग्दर्शक, हा त्यांचा क्रम. प्रभात १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्या ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांच्या चाली मास्तरांच्या आहेत. नाटकात गायकाला पद हवे तितके रंगवता येई. वन्समोअरवर पद दहा-पंधरा मिनिटे चाले. चित्रपटात तीच ऐट तीन मिनिटांत, कॅमेऱ्याच्या हिशेबाने आणि न शिकलेल्या गळ्यासाठीही बसवावी लागली. ‘माणूस’मधील शांता हुबळीकरांचे गाणे ऐकताना त्यात ख्यालगायकाची खूण शोधावी लागते, आणि ती न सापडणे हेच संगीतकाराचे यश. ‘वंदे मातरम्’ला झिंझोटी रागात बांधलेली आपली चाल त्यांनी घटना समितीच्या सदस्यांपुढे सादर केली. डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी बुद्धवंदनेलाही स्वरसाज दिला. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

भावगीताचा जन्म नेमका कोणत्या ध्वनिमुद्रिकेपासून धरावा, हा वाद जुना आहे. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गोविंद नारायण तथा जी. एन. जोशी यांनी गायिली. तिला पहिले भावगीत मानण्याकडे कल आहे. कवितेला चाल लावून गाण्याचा प्रघात त्याआधीचाच आहे, हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दाही खोटा नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि मध्ये वाद्यांचे छोटे तुकडे, हा आजही ओळखीचा असलेला आराखडा त्या बाजूच्या मापाने बेतलेला आहे. तेव्हा आरंभ कवितेत शोधण्यापेक्षा तबकडीत शोधणे बरे. पुण्यात हा प्रकार तबकडीतून काढून मैफलीत आणि गणेशोत्सवाच्या मांडवात नेला तो गजानन वाटवे (१९१७–२००९) यांनी. कविता इतरांच्या, चाल आणि गळा स्वतःचा. पुढ्यात पेटी आणि ध्वनिक्षेपक. ध्वनिक्षेपकामुळे आवाज फेकण्याची गरज उरली नाही, आणि हळू आवाजात कविता सांगणारा गायक हजारोंच्या गर्दीपुढे बसू शकला.

सुधीर फडके (१९१९–२००२) यांचा जन्म कोल्हापूरचा, मूळ नाव रामचंद्र. पुढील वास्तव्य मुंबईत. पुणेकरांच्या यादीत त्यांना घालावे का, अशी शंका कोणी काढली तर ती गैर म्हणता येणार नाही. मात्र कारकिर्दीची दोन निर्णायक वळणे पुण्यातील आहेत. पहिले प्रभातचे: ‘गोकुळ’ (१९४६) या चित्रपटाने संगीतकार म्हणून त्यांचे चित्रपटात पदार्पण झाले. दुसरे आकाशवाणीचे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर (१९१९–१९७७) आणि फडके यांची ‘गीतरामायण’ ही मालिका तेथून प्रसारित झाली. पहिल्या गीताचा कागद गहाळ झाला आणि माडगूळकरांनी ते ऐनवेळी पुन्हा लिहिले, ही आख्यायिका सर्वतोमुखी आहे.

गीतांच्या संख्येचा खुलासा येथे करणे अगत्याचे आहे. दर शुक्रवारी एक गीत होई. वर्षाचे आठवडे ५२, गीते मात्र ५६. मालिका रामनवमीपासून रामनवमीपर्यंत चालवायची होती, आणि १९५५ मध्ये भाद्रपद अधिक आला. त्यामुळे दोन रामनवम्यांमधील अंतर वाढले. पहिले गीत शुक्रवारी, १ एप्रिल १९५५ रोजी झाले. त्या दिवसापासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत ५५ शुक्रवार भरतात. त्यानंतरची रामनवमी गुरुवारी, १९ एप्रिलला आली. त्या दिवशीच्या समारोपाचे गीत धरले की ५६ ही संख्या पुरी होते. कवीला चार गीते वाढवून हवी होती म्हणून नव्हे, तर पंचांगाने ती मागितली म्हणून लिहिली गेली. आरंभ भूप रागात, शेवट भैरवीत, हा मैफलीचा शिरस्ता वर्षभराच्या मालिकेलाही लावलेला दिसतो. ‘राम जन्मला ग सखी’ला मांड रागाची छाया आहे.

मूळ प्रसारणात निरनिराळ्या पात्रांना निरनिराळे गळे होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक ही त्यांतील काही नावे. पुढे फडके रंगमंचावर ही गीते एकट्याने म्हणू लागले. कौसल्या, भरत, मारुती, सगळी पात्रे एकाच गळ्यातून बोलू लागली. मधे निवेदन आणि हाताखाली पेटी. श्राव्य नाटकाच्या जवळचा प्रकार अशा रीतीने कीर्तनाच्या जवळ गेला. मालिकेच्या मानाने हा बदल दुर्लक्षित राहिला आहे; वास्तविक फडके यांचे सर्वांत मोठे प्रकारांतर हेच. स्वच्छ, तुटक न होणारा शब्दोच्चार हे त्यांचे वैशिष्ट्य सर्व टीकाकार मान्य करतात, आणि एकट्याने कथा सांगणाऱ्याला दुसरे काय लागते! ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) व ‘आम्ही जातो अमुच्या गावा’ (१९७२) या चित्रपटांतील त्यांची गाणी, हिंदीतील ‘भाभी की चूड़ियाँ’ (१९६१) आणि अखेरचा ‘वीर सावरकर’ (२००१) यांचा येथे केवळ निर्देश पुरे.

जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) यांनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांच्या चाली बांधल्या. ख्याल, भावगीत आणि अभंग हे प्रकारही ते गात. त्यांच्या नाट्यपदाची लांबी आटोपशीर झाली, ती रात्रभराचे नाटक तीन तासांवर आल्यानंतर.

शब्द आणि चाल पुन्हा एका हाती आणणाऱ्यांत सुधीर मोघे (१९३९–२०१४) यांचा उल्लेख आवश्यक आहे. कवी, चित्रपटगीतकार, संगीतकार आणि ‘कविता पानोपानी’ या कार्यक्रमाचे सादरकर्ते अशी त्यांची ओळख. त्यांचे ‘सखी मंद झाल्या तारका’ हे गीत राम फाटकांच्या चालीत भीमसेन जोशी आणि सुधीर फडके या दोघांच्याही आवाजांत उपलब्ध आहे. एकच चाल ख्यालगायक कशी हाताळतो आणि भावगीतगायक कशी, हे त्या दोन ध्वनिमुद्रणांवरून समजते. संदीप खरे (जन्म १९७३) यांनी कविता, चाल आणि गायन तिन्ही एकत्र ठेवले. सलील कुलकर्णी यांच्यासह २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमात काही कविता नुसत्या वाचल्या जातात, काही गायिल्या जातात. त्यातील प्रेमगीत, बालगीत आणि विनोदी कविता यांना एकच प्रेक्षक असतो. आधीच्या पिढ्यांत यांतील प्रत्येकासाठी तबकडी वेगळी निघत असे.