पेनिट्रेशन ५२ आले म्हणून व्हीजी-३० डांबर परत पाठवू नका

मराठवाड्यातल्या रस्त्यांच्या कामांवर व्हीजी-३० (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड) डांबराला अजूनही सर्रास '६०/७०' म्हणतात. चूक इथूनच सुरू होते. टँकर येतो, साइटच्या लॅबमध्ये सुई टोचली जाते, पेनिट्रेशन (सुई किती खोल गेली ते) ५२ भरते आणि "साठच्या खाली आहे, माल नापास" असा शेरा पडतो. प्रत्यक्षात डांबराचे भारतीय मानक आयएस ७३, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत व्हीजी-३० साठी पेनिट्रेशन किमान ४५ हवे, एवढेच बंधन आहे. वरची मर्यादाच नाही. ग्रेड ठरते ती ६० अंश सेल्सिअसच्या व्हिस्कॉसिटीवर, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या विरोधावर, आणि ती २४०० ते ३६०० पॉइजमध्ये (व्हिस्कॉसिटीचे एकक) बसावी लागते. ६०/७० ही पेनिट्रेशनवर चालणारी जुनी प्रतवारी. २००६ च्या सुधारणेत ती मागे पडली.

दोन्ही चाचण्या डांबर 'किती घट्ट' हेच सांगतात असे वाटते, म्हणून गल्लत होते. पेनिट्रेशनमध्ये २५ अंशांवर एकूण १०० ग्रॅम भाराखाली सुई ५ सेकंदांत किती खोल जाते ते मोजतात. एकक मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे ५२ आले तर सुई ५.२ मिमी उतरली. या तापमानाला डांबर थोडे वाहते, थोडे लवचीकही वागते, आणि सुई खोल जाईल तसा त्यावरचा ताण बदलत जातो. हाती येतो तो एक मिश्र आकडा. ६० अंशांवर साधे डांबर जवळपास निव्वळ द्रवासारखे वाहते, म्हणून तिथे खरी व्हिस्कॉसिटी मोजता येते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे हवा ४२ अंशांवर गेली की उन्हातला डांबरी पृष्ठभाग साठीच्या आसपास पोहोचतो. चाकोऱ्या पडतात त्या याच तापमानाला, २५ अंशांवर नाही.

तापमान वाढले की सगळी डांबरे सारख्या वेगाने पातळ होत नाहीत. एकाचे पेनिट्रेशन ६२ आणि व्हिस्कॉसिटी २८०० पॉइज, दुसऱ्याचे पेनिट्रेशन तेवढेच पण व्हिस्कॉसिटी २००० पॉइज, असे होऊ शकते. जुन्या नियमाने दोन्ही पास. आजच्या नियमाने दुसरे नापास, आणि ते योग्यच आहे. म्हणून पेनिट्रेशनवरून व्हिस्कॉसिटी काढून देणाऱ्या तक्त्यावर टँकरचा निर्णय घेऊ नये.

पेनिट्रेशन सोपे दिसते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेच जास्त फसते. पत्र्याच्या शेडमधल्या लॅबमध्ये नळाचे पाणीच तिशीच्या वर असते. नुसता हीटर असलेला बाथ ते २५ वर आणणार कसा? कूलिंगवाला बाथ हवा, नाहीतर बर्फ घालून, ढवळत, थर्मामीटरवर डोळा ठेवून काम करावे. पाणी दोन अंश गरम राहिले तरी आकडा बऱ्यापैकी वाढतो आणि कडक डांबर मऊ दिसते. नमुना ओतल्यावर तास-दीड तास हवेत आणि तेवढाच वेळ बाथमध्ये ठेवावा. सुईचे टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकले पाहिजे. टोचण्या निदान तीन, एकमेकींपासून आणि भांड्याच्या कडेपासून १० मिमी दूर, आणि प्रत्येक वेळी सुई पुसून स्वच्छ.

व्हिस्कॉसिटीला काचेची व्हॅक्यूम कॅपिलरी नळी लागते. डांबर १३५ अंशांच्या आसपास पातळ करून खुणेपर्यंत भरायचे, बुडबुडे निघावेत म्हणून नळी १० मिनिटे त्याच तापमानाच्या ओव्हनमध्ये ठेवायची, मग ६० अंशांच्या बाथमध्ये अर्धा तास. त्यानंतर ३०० मिमी पाऱ्याचा व्हॅक्यूम लावून दोन खुणांमधला वेळ मोजायचा. वेळ ६० सेकंदांहून कमी भरला तर ते वाचन धरू नये. नळीच्या त्या दोन खुणांमधल्या फुग्याचा कॅलिब्रेशन फॅक्टर २५ आणि वेळ ११२ सेकंद असेल, तर गुणाकार २८०० पॉइज.

इथल्या चुका बहुतेक एकाच दिशेने जातात. रबरी नळीतून हवा गळत असेल तर ओढ कमी पडते. नळीत जुन्या डांबराचा थर असेल तर वाट अरुंद होते. दोन्हींत वेळ वाढतो आणि पातळ माल घट्ट दिसतो. नमुना थेट शेगडीवर तापवला तर तो खरोखरच कडक होतो, आणि मग दोन्ही चाचण्या चुकतात. पॉलिमर मिसळलेल्या डांबराला मात्र हा एक आकडा पुरत नाही, कारण त्याची व्हिस्कॉसिटी ताणाच्या वेगाप्रमाणे बदलते. त्यासाठी डायनॅमिक शिअर ऱ्हिओमीटर लागतो.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की बरेच कळते. पेनिट्रेशन कमी आणि व्हिस्कॉसिटी मर्यादेबाहेर जास्त असेल, तर डांबर टाकीत फार तापले असण्याचा संशय घ्यावा. उलट झाले तर एखादे पातळ तेल मिसळले असेल किंवा टँकरमध्ये व्हीजी-१० ही मऊ ग्रेड असेल. ३४०० पॉइजला मात्र थांबावे, कारण व्हीजी-४० या जास्त घट्ट ग्रेडची मर्यादा ३२०० ते ४८०० आहे आणि हा आकडा दोन्हींत बसतो. तिथे सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे डांबर मऊ पडण्याचे तापमान (व्हीजी-३० ला किमान ४७, व्हीजी-४० ला ५० अंश) आणि १३५ अंशांची व्हिस्कॉसिटी (किमान ३५० आणि ४०० सेंटिस्टोक) पाहावी.

चाकोरी दिसली की डांबरावर बोट ठेवायची घाई होते, पण आपल्या काळ्या मातीवर ते दर वेळी खरे नसते. चाकोरी अरुंद आणि दोन्ही कडांना मिश्रण फुगून वर आलेले असेल, तर वरचा थर वाहिला आहे. ती रुंद, उथळ आणि कडा न फुगलेली असेल, तर खालची माती दबली असण्याची शक्यता जास्त. खात्रीसाठी रस्त्याला आडवा चर खणून प्रत्येक थराची जाडी मोजावी. जाडी सगळीकडे सारखी आणि मातीचा माथा तेवढा खचलेला असेल, तर डांबराचा नमुना लॅबला पाठवण्याआधी मातीचा सीबीआर (भार पेलण्याची ताकद दाखवणारा आकडा) आणि पाण्याचा निचरा तपासावा.