पडलेल्या उमेदवाराचं मत कुणाच्या खात्यात? पक्षफूट आणि चिन्हाच्या वादाची पार्श्वभूमी

शिवसेनेचा धनुष्यबाण आणि राष्ट्रवादीचं घड्याळ या दोन चिन्हांचं काय झालं, कोण कुणाला सोडून गेलं, सुरत-गुवाहाटी कशी घडली, हे इथे पुन्हा सांगत नाही. महाराष्ट्रात ते तारखांसकट लोकांना पाठ आहे. ज्याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली ती एक आकडेमोड आहे, आणि ती धनुष्यबाण कुणाचा हे ठरवणाऱ्या निवडणूक आयोगाच्या १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आहे.

२०१९ च्या विधानसभेला धनुष्यबाणाला राज्यभरातून सुमारे ९० लाख ४९ हजार मतं पडली. फुटीच्या वेळी हयात असलेले आमदार ५५. त्यातले ४० एका बाजूला, त्यांना निवडणुकीत मिळालेली मतं ३६ लाख ५७ हजार. उरलेले १५ दुसऱ्या बाजूला, त्यांची मतं ११ लाख २५ हजार. म्हणजे जिंकलेल्यांच्या मतांपैकी ७६ टक्के इकडे आणि साधारण २४ टक्के तिकडे. चिन्ह आणि नाव इकडच्यांना मिळालं. एकूण मतांशी पडताळलं तर हेच प्रमाण ४० टक्के आणि १२ टक्के असं उतरतं. मग उरलेली साधारण ४७ टक्के, बेचाळीस लाखांहून जास्त मतं कुठे गेली? ती जवळपास सगळी पडलेल्या उमेदवारांची. त्यांच्या मतदारांना कुणी विचारलं नाही, कारण त्यांच्या वतीने हात वर करायला सभागृहात कुणी नव्हतंच.

माझं मत त्या बेचाळीस लाखांत आहे. फूट पडली तेव्हा मला विचारलं असतं तर मी कुठल्या बाजूला गेलो असतो, ते तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. पण न विचारताच हिशेबातून गळालो ही गोष्ट खरी, आणि तिची मुळं पन्नास वर्षं मागे जातात.

त्याही मागचं थोडक्यात. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात साक्षरता जेमतेम अठरा टक्के होती. त्यामुळे नाव वाचून मत द्यायची सोयच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर चिन्हाचा कागद. मतपत्रिकेवर खूण करायची नाही, ती नुसती आपल्या चिन्हाच्या पेटीत सोडायची. (यातल्या बारा लाखांहून जास्त पेट्या आपल्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या.) एकाच कागदावर सगळी चिन्हं आणि त्यावर शिक्का, ही पद्धत साठच्या दशकात रुळली. बैलजोडीला मत म्हणजे बैलजोडीलाच मत; उमेदवार कोण हे गावात मागाहून कळलं तरी चालायचं. दुसरीकडे संविधानाच्या मूळ मजकुरात राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. मतदार चिन्हाला मत देत होता आणि कायदा फक्त माणूस निवडून आला असं मानत होता. ही फट पहिल्या दिवसापासूनची.

१९६७ साली ती उघडी पडली. हरियाणातल्या हसनपूरचे एक आमदार पंधरवड्यात तीनदा इकडून तिकडे गेले आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द देशाला मिळाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर यशवंतराव चव्हाण गृहमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने जे आकडे गोळा केले ते मात्र फारसे कुणी वाचत नाही. त्याआधीच्या दहा वर्षांत मिळून साडेपाचशेच्या आत-बाहेर पक्षांतरं झाली होती. १९६७ नंतरच्या एका वर्षातच ती ४३८ झाली. पक्ष बदलणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळालं. रोग काय आहे हे तेव्हाच कागदावर आलं होतं. औषधाला १९८५ उजाडलं. मधली दोन विधेयकं, १९७३ चं आणि १९७८ चं, वाटेतच राहिली; त्याच १९७८ मध्ये आपल्याकडे काँग्रेसमधून फुटून पुलोदचा प्रयोग झाला.

पण पक्षांतरबंदीचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी एक निर्णय झाला होता, आणि आजच्या वादात त्याचं वजन कायद्याहून जास्त आहे. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीवरून काँग्रेस दुभंगली. पंतप्रधानांनाच पक्षातून काढलं गेलं. दोन्ही बाजू म्हणू लागल्या, खरी काँग्रेस आम्ही, बैलजोडी आमची. आदल्याच वर्षी, १९६८ मध्ये, आयोगाने चिन्हांचा आदेश काढला होता. त्यातल्या पंधराव्या परिच्छेदाप्रमाणे फुटलेल्या पक्षात खरा कोण हे ठरवायचा अधिकार आयोगाकडे होता. जानेवारी १९७१ मध्ये आयोगाने कौल दिला तो पंतप्रधानांच्या गटाच्या बाजूने. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने आयोगाचं बरोबर ठरवलं.

आयोगापुढे तीन वाटा होत्या. पक्षाच्या घटनेप्रमाणे कोण वागलं ते बघायचं. पक्षाच्या ध्येयधोरणाला कोण धरून आहे ते बघायचं. नाहीतर डोकी मोजायची. घटना दोन्ही बाजूंनी गुंडाळून ठेवली होती. ध्येयधोरण दोघंही तेच सांगत होते. राहिली मोजणी. ती करताना पक्षसंघटनेतले प्रतिनिधी आणि खासदार-आमदार असे दोन ढीग केले गेले, आणि दोन्हींत पंतप्रधानांचा गट वरचढ निघाला. तळातल्या सभासदांपर्यंत जाऊन मोजणी करणं व्यवहार्य नाही, त्यांनी निवडलेले लोक मोजले की भागतं, असा यामागचा विचार. न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अजूनही पटते: चिन्ह ही काही भाऊबंदकीत वाटून घ्यायची मिळकत नाही.

त्या वेळच्या परिस्थितीत हा निर्णय चुकला असं म्हणता येत नाही. अडचण त्यातून पुढे जे रूढ झालं त्याची आहे. १९७१ मध्ये दोन ढीग होते. संघटनेचा ढीग निदान कागदावर तरी पक्षांतर्गत निवडणुकीतून आलेला होता. पुढे बहुतेक पक्षांतल्या अंतर्गत निवडणुका नावापुरत्या उरल्या. अध्यक्ष पदाधिकारी नेमणार आणि ते पदाधिकारी अध्यक्षाला निवडणार, असा तो व्यवहार. मग २०२३ मध्ये आयोगाने म्हटलं की या पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीला धरून नाही आणि ती आमच्या दप्तरीही नाही, तेव्हा संघटनेच्या मोजणीवर विसंबता येत नाही. यात तथ्य आहेच. पण मग हा एक ढीग बाजूला गेला आणि उरले फक्त आमदार-खासदार. १९७१ ची कसोटी दोन पायांवर उभी होती, २०२३ ची एका पायावर. वर्षभराने घड्याळाच्या बाबतीतही तोच पाय कामी आला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती माझ्या तक्रारीच्या विरुद्ध जाते. प्रकरण न्यायालयात असल्याने १९७१ च्या मार्चमधल्या लोकसभेला बैलजोडी कुणालाच मिळाली नव्हती. सत्ताधारी गट गाय-वासरू घेऊन उतरला, दुसऱ्याकडे चरखा चालवणारी स्त्री. तेव्हाच्या मतदाराने नवं चिन्ह काही आठवड्यांत ओळखलं आणि गाय-वासराला ३५२ जागा दिल्या. म्हणजे चिन्हाशिवाय मतदार आंधळा होतो असं समजायचं कारण नाही. १९७८ मध्ये तीच गोष्ट हाताच्या पंजाची.

१९८५ चा कायदा आला तो चारशेवर खासदार असलेल्या सरकारने, निवडून आल्यावर महिन्याभरात. ३० जानेवारीला लोकसभेत मंजूर, १ मार्चपासून लागू. एकट्याने पक्ष सोडला किंवा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडला तर आमदारकी जाणार; मात्र विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश लोक एकत्र निघाले तर ती ‘फूट’, तिला माफी. किरकोळीला बंदी आणि ठोक व्यवहाराला परवानगी, ही टीका तेव्हापासूनची. कायद्याने पक्षांतर बंद झालं नाही, फक्त त्याचा भाव ठरला. ५२ आमदारांच्या शिवसेनेतून बाहेर पडायला १८ जण लागत; १९९१ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनाच्या वेळी हे गणित महाराष्ट्राने जवळून पाहिलं. कोण आत, कोण बाहेर, कोण सही करून परत फिरला, याची मोजदाद तासातासाला बदलत होती.

अपात्रतेचा निवाडा सभागृहाच्या अध्यक्षांकडे दिला गेला, यावर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन असे मतभेद झाले. अल्पमतातल्या दोघांचं म्हणणं साधं होतं: ज्याची खुर्ची सभागृहातल्या बहुमतावर अवलंबून, त्याच्याकडून त्या बहुमताविषयीचा निवाडा मागू नये. बहुमताने ते फेटाळलं. पुढे उत्तर प्रदेशात २००३ मध्ये फुटलेल्या १३ आमदारांना अपात्र ठरवणारा अंतिम निकाल फेब्रुवारी २००७ मध्ये लागला, तोवर त्या विधानसभेची मुदत संपत आली होती. यावर जास्त लिहीत नाही.

२००३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची पळवाट बुजवली आणि मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणून बांधली. शिल्लक राहिलं ते विलीनीकरण, दोन तृतीयांशांचं. मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला हवा, की आमदारांनीच दोन तृतीयांशाने ठराव केला की तो झाला असं मानायचं? गोव्यात याचं उत्तर मिळालं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी स्वतःला सत्ताधारी पक्षात विलीन केलं. दिल्लीतला पक्ष जागच्या जागी. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. त्या निकालाआधीच, २०१९ च्या फुटीचा धसका घेऊन, २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रूसापुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण सप्टेंबरमध्ये गेले. दोन तृतीयांशाला आठच लागतात.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये विलीनीकरणाची वाट कुणी धरलीच नाही. ‘आम्ही सोडलाच नाही, आम्हीच पक्ष’ असा दावा केला गेला, आणि इथे १९७१ ची मोजणी आणि १९८५ चा कायदा एकमेकांवर आदळले. ११ मे २०२३ ला घटनापीठाने सांगितलं की व्हिप राजकीय पक्षाचा असतो, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. नवा प्रतोद मान्य करणं बेकायदा होतं. राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेशही चुकीचा. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला होता, म्हणून घड्याळाचे काटे मागे फिरवता येणार नाहीत. अपात्रतेचं काय ते अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावं. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी ठरवलं: खरा पक्ष कोणता ते सभागृहातल्या बहुमतावरून कळतं, आणि दोन्ही बाजूंचं कुणीच अपात्र नाही. सोळा जणांना नोटिसा निघाल्या तेव्हापासून दीड वर्ष लोटलं होतं.

मग २०२४ ची लोकसभा. घड्याळ गेलेल्या गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळालं. अपक्षांसाठीच्या मोकळ्या चिन्हांत एक ट्रम्पेट होतं, लोक ज्याला पिपाणी म्हणतात ते, आणि मराठी यादीत त्याचंही नाव ‘तुतारी’ असंच छापलं होतं. साताऱ्यात तुतारीवाला उमेदवार सुमारे ३२ हजार मतांनी पडला. पिपाणीला ३७ हजारांवर मतं गेली. दिंडोरीत पिपाणीवाल्याचं आडनावही तेच होतं, त्याला लाखावर मतं मिळाली. तिथे तुतारी तरीही निवडून आली. पिपाणीच्या साताऱ्यातल्या मतांपैकी किती चुकून पडली हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. जुलैमध्ये पिपाणी गोठवल्याच्या बातम्या आल्या. पण नोव्हेंबरच्या विधानसभेलाही ती होतीच.

घड्याळावर न्यायालयाने एक अट घातली होती: हे चिन्ह न्यायप्रविष्ट आहे, असं त्या गटाने वर्तमानपत्रांतून आणि प्रत्येक प्रचारसाहित्यावर जाहीर करायचं. जाहिरातीत नेत्यांचे हसरे फोटो, योजनांची यादी, आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात ती ओळ. नोव्हेंबरच्या विधानसभेआधी न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की ३६ तासांत वर्तमानपत्रांत छापा.

लोकसभेत मतदाराने ९ जागा मशालीला, म्हणजे धनुष्यबाण गेलेल्या गटाच्या नव्या चिन्हाला, आणि ७ धनुष्यबाणाला दिल्या, तुतारीला ८ आणि घड्याळाला १. सहा महिन्यांनी विधानसभेत धनुष्यबाणाला ५७, मशालीला २०. घड्याळाला ४१, तुतारीला १०. खरा पक्ष कोण हे जनतेनेच ठरवलं, असं दोन्ही वेळी जिंकणाऱ्यांनी सांगितलं. कर्नाटकात डिसेंबर २०१९ च्या पोटनिवडणुकीत अपात्र ठरून नव्या पक्षातून उभ्या राहिलेल्या १३ जणांपैकी ११ निवडून आले, तेव्हाही हेच ऐकू आलं होतं. माझ्या मतदारसंघात त्या विधानसभेला यंत्रावर या चारही चिन्हांपैकी एकही नव्हतं. जागावाटपात तो दोन्ही बाजूंनी तिसऱ्याच पक्षांना सुटला होता.