हिवाळी बाग

हिवाळी बाग : समशीतोष्ण व शीत प्रदेशांत पानझडीनंतर, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, पाहत राहावीशी वाटेल अशा बेताने आखलेली घराची बाग. एकोणिसाव्या शतकात युरोपात याच नावाने काचेचे मोठे मंडप ओळखले जात आणि त्यांत उष्ण देशांतली झाडे ऊब देऊन जगवत. तो प्रकार निराळा. या नोंदीत विचार आहे तो उघड्यावरच्या, थंडीवाऱ्यात उभ्या असलेल्या बागेचा, आणि तोही मुख्यतः इंग्लंडमधल्या.

महाराष्ट्रात थंडी हा बागेच्या बहराचा काळ. शेवंती, झेंडू, डेलिया, गुलाब सगळे याच दिवसांत रंगात येतात. त्यामुळे इंग्लंडमधल्या बागेची अडचण समजायला मराठी वाचकाला थोडे उलटे पाहावे लागते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईचा दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 47 अंश वर येतो. त्याच दिवशी लंडनला जेमतेम आठ तासांचा दिवस मिळतो आणि भर दुपारीही सूर्य 15 अंशांच्या आसपासच राहतो. ऊन डोक्यावरून येत नाही, आडवे येते. या आडव्या उन्हात पातळ साल पेटल्यासारखी दिसते आणि वाळक्या गवताचे तुरे सोनेरी होतात. हिवाळी बाग आखणाऱ्याच्या हाती फुले थोडी असतात, पण हे ऊन असते. झाड कुठे लावायचे हे ठरवताना सूर्य त्याच्या मागे कधी येतो हे पाहणारा माणूस निम्मी बाजी तिथेच जिंकतो.

ही कल्पना जुनी आहे. इंग्रज निबंधकार फ्रान्सिस बेकन याने बागांविषयीच्या आपल्या निबंधात (1625) वर्षाच्या प्रत्येक महिन्यासाठी बाग असावी असा आग्रह धरला आणि डिसेंबर-जानेवारीसाठी हॉली, आयव्ही, यू, ज्युनिपर, रोझमेरी अशी सदाहरित झाडे सुचवली. आजही आखणीला सुरुवात सदाहरितांपासूनच होते, कारण पाने गळाल्यावर बागेचा सांगाडा त्यांच्यावर उभा राहतो. मात्र त्यांचा अतिरेक वाईट. इंग्लंडमध्ये चर्चच्या दफनभूमीत यूचे जुने वृक्ष हमखास असतात. घराची बाग गर्द हिरव्या झाडांनी भरून टाकली, तर अंधारलेल्या दुपारी तिच्यावर तीच कळा येते. यूचे एखादे नीट कापलेले कुंपण आणि त्याच्यापुढे उघडी, फिकी, रंगीत खोडे ही जोडी अधिक शोभते. बॉक्स या बारीक पानांच्या सदाहरित झुडपाची बुटकी कुंपणे एके काळी सर्वत्र होती. बुरशीजन्य करप्याने व पुढे बॉक्सच्या पतंगाच्या अळीने ती अनेक ठिकाणी संपवली.

आणखी एक गोष्ट घराच्या बागेला सार्वजनिक उद्यानापेक्षा वेगळी करते. हिवाळ्यात ही बाग बहुतेक वेळ घरातूनच पाहिली जाते. म्हणून नकाशा हाती घेण्याआधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून काय दिसते ते पाहायचे. जानेवारीत तिथून घेतलेले कृष्णधवल छायाचित्र फार उपयोगी पडते. रंग गेला की कुठे उंची हवी आणि कुठे नुसतीच पोकळी आहे हे लगेच कळते.

सालीचा रंग हे या बागेचे खरे वैभव. सायबेरिका जातीचे डॉगवुड उन्हाळ्यात एक साधे, हिरवे झुडूप असते, त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पाने झडली की त्याच्या काड्या लाखेसारख्या लाल दिसतात. मिडविंटर फायर या जातीच्या काड्या बुडाशी पिवळ्या-केशरी असून शेंड्याकडे तांबूस होत जातात. हा रंग कोवळ्या सालीवरच चढतो. काडी जुनी झाली की तपकिरी, मळकट होते. म्हणून मार्चच्या अखेरीस झुडूप जमिनीलगत छाटतात, त्यातून नवे धुमारे फुटतात आणि पुढच्या थंडीत तेच रंगतात. नवख्या माणसाचा इथे हात थरथरतो. इतके निर्दयपणे कापले तर झाड मरेल असे वाटते. मुळे एकदा नीट धरलेले झुडूप मात्र मरत नाही. लावणीनंतरची पहिली एक-दोन वर्षे तेवढा कात्रीला विश्रांती द्यावी. वाळुंजाच्या रंगीत जातींनाही हाच नियम.

या सगळ्यांत पांढऱ्या खोडाचा भूर्ज मराठी वाचकाला जवळचा वाटावा. ज्याच्या सालीवर काश्मीरमध्ये पोथ्या लिहिल्या गेल्या तो हिमालयी भूर्ज, बेट्युला युटिलिस, आज इंग्लंडच्या घराघरांतल्या बागांत आहे. त्याचा सर्वांत शुभ्र प्रकार जॅकमाँटी म्हणून ओळखला जातो. हे नाव व्हिक्टर जॅकमाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकावरून पडले. हिमालय व काश्मीर पालथा घालून दक्षिणेकडे आलेला हा तरुण डिसेंबर 1832 मध्ये मुंबईत आजारपणाने वारला, तेव्हा तो 31 वर्षांचा होता. केंब्रिजजवळच्या अँगल्सी ॲबी येथील हिवाळी बागेच्या वळणदार वाटेच्या शेवटी या भूर्जांची दाट राई आहे. तिथले माळी खोडांवरचे शेवाळ व मळ पाण्याने धुऊन काढतात, तेव्हा कुठे ती चुन्यासारखी पांढरी दिसतात. सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण कांडोळ चांदण्यात असाच उजळतो. ज्याने तो पाहिला आहे, त्याला भूर्जाच्या राईचा परिणाम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सुगंधाची योजना खोडांइतकीच विचाराने करावी लागते. थंडीत परागण करणारे कीटक फार थोडे असतात, त्यामुळे या दिवसांत फुलणारी अनेक झुडपे लांबवर वास पसरवतात. विच हेझलची फुले पानांवाचून, उघड्या काडीवर येतात. लिंबाची साल लांबट किसावी तशा त्याच्या पिवळ्या पाकळ्या कडक थंडीत गुंडाळल्या जातात आणि ऊब मिळताच पुन्हा उलगडतात. सार्कोकोकाची फुले एवढीशी, पण दाराशी एक झुडूप असले तरी येणारा-जाणारा थबकतो. डॅफ्ने भोलुआ ही नेपाळ-हिमालयातली वनस्पती, हिच्याच सालीपासून नेपाळात लोकता कागद करतात. भूर्जाप्रमाणे तीही लिहिणाऱ्यांच्या उपयोगाची, आणि तीही इथे केवळ शोभेसाठी रुजली. थंडीत कोणी बागेत रेंगाळत नाही, म्हणून ही झुडपे दाराजवळ, फाटकाशी किंवा रोजच्या पायवाटेवर लावतात.

ऑक्टोबरमध्ये वाफे कापून, झाडून लख्ख करण्याची जुनी शिस्त आता सैल झाली आहे. पॉट्सडॅमजवळचे जर्मन रोपवाटिकाकार कार्ल फोर्स्टर (1874–1970) यांनी वर्षाचे सात ऋतू मानून बाग बाराही महिने पाहण्यासारखी असावी असे सांगितले आणि गवतांना बागेत मानाचे स्थान मिळवून दिले. डच उद्यानरचनाकार पीट आउडॉल्फ (जन्म 1944) यांनी वाळलेली बोंडे व तुरे मुद्दाम उभे ठेवले. दहिवर पडलेल्या सकाळी काळ्या बोंडांच्या कडांवर पांढरी किनार येते आणि बी टिपायला पक्षी येतात. फेब्रुवारीपर्यंत हे सारे उभे ठेवावे. कात्रीची घाई करणाऱ्याची बाग तीन महिने नुसती ओली माती दाखवते.

जपानमध्ये कानाझावाच्या केन्रोकुएन बागेत 1 नोव्हेंबरपासून पाइन वृक्षांच्या फांद्या शेंड्यावरून सोडलेल्या दोरांनी बांधतात, जड बर्फाने त्या मोडू नयेत म्हणून. त्या दोरांचे शंकूच आता तिथल्या हिवाळ्याची ओळख झाले आहेत.

जानेवारीच्या अखेरीपासून स्नोड्रॉप, पिवळे विंटर ॲकोनाइट आणि मान खाली घालून फुलणारे हेलेबोर जमिनीलगत येतात. स्नोड्रॉपचे कंद सुके लावले तर बरेचदा रुजत नाहीत. फुले ओसरल्यावर, पाने हिरवी असतानाच गड्डे फोडून ते डॉगवुडच्या बुडाशी हलवतात. तोवर मार्च येतो, लाल काड्या कापल्या जातात आणि खुंटांच्या मधून त्या हलवलेल्या स्नोड्रॉपची पाने काही आठवडे तेवढी हिरवी राहतात.