बीए-बीएस्सी झालंय, बीएड नाही. महाराष्ट्रात शिक्षक व्हायचं तर

दर उन्हाळ्यात निकाल लागले की आमच्या ओळखीतला कोणी ना कोणी विचारतो, "पदवी झाली, पण शिक्षणशास्त्राची नाही. शाळेत लागता येईल का?" येतं. आपल्याकडचे बहुतेक शिक्षक आधी बीए, बीएस्सी किंवा बीकॉम करून, नंतर अध्यापनाचं शिक्षण घेऊन शाळेत आलेले आहेत. बारावीनंतर थेट चार वर्षांची शिक्षणशास्त्राची पदवी अलीकडे मिळू लागली आहे, पण ती नसल्यानं काही अडत नाही. अडतं ते चुकीचा कोर्स निवडल्यानं. म्हणून सगळ्यात आधी स्वतःला विचारा, मला कितव्या इयत्तेला शिकवायचंय? कोर्स, परीक्षा आणि शाळा, तिन्ही त्या उत्तरावर ठरतात.

पहिली ते पाचवीसाठी बारावीला ५० टक्के गुण आणि दोन वर्षांचा डीएलएड लागतो. हा म्हणजे जुना डीएडच. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला डीएलएड किंवा बीएड, दोन्हींपैकी काहीही चालतं. नववी-दहावीला त्या विषयातली पदवी आणि बीएड. अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बीएड. चित्रकला आणि शारीरिक शिक्षण यांची वाट वेगळी आहे; तिथे एटीडी किंवा बीपीएड यांसारख्या त्या त्या विषयाच्या अर्हता धरतात.

यातली पहिली पायरी नीट वाचा, कारण तिथेच मुलं फसतात. २८ जून २०१८च्या अधिसूचनेनं राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीचं दार उघडून दिलं होतं. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा, एवढीच अट होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते दार बंद केलं. लहान मुलांना शिकवण्याचं शिक्षण डीएलएडमध्ये असतं, बीएडमध्ये नसतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं, आणि मला ते पटतं. पहिलीतल्या पोराला अक्षर ओळखायला शिकवणं आणि नववीतल्या मुलाला बीजगणित शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पण निकालाआधी ज्यांनी दोन वर्षं आणि घरचे पैसे घालून बीएड केलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचं स्वप्न बघितलं होतं. आजही काही प्रवेश-दलाल "बीएड करा, सगळं चालतं" असं सांगतात. चालत नाही.

पदवीधराला म्हणून मी एक हिशेब मांडून दाखवतो. डीएलएड दोन वर्षांचं, बीएडही दोनच वर्षांचं. पदवीच्या जोडीला डीएलएड असेल तर पहिली ते आठवी उघडी होते. बीएड असेल तर सहावी ते दहावी, आणि एमए-एमएस्सी असेल तर बारावीपर्यंत. आपल्या गावाजवळ राहायचंय, लहान मुलांत रमता येतं, जिल्हा परिषदेत जायचंय, अशांनी पदवीनंतरसुद्धा डीएलएडचा विचार करावा. त्यात कमीपणा काही नाही. बारावीनंतर लगेच डीएलएड करून बाहेरून पदवी पूर्ण करणाऱ्यांनाही पुढे सहावी ते आठवीची वाट मोकळी होते.

डीएलएडचा प्रवेश राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ऑनलाइन पद्धतीनं राबवते. प्रवेश परीक्षा नसते, बारावीच्या गुणांवर यादी लागते. तुम्ही एमएस्सी असलात तरी इथे बारावीचीच गुणपत्रिका बघतात, हे अनेकांना अर्ज भरताना कळतं. कागद तपासायला जिल्ह्याच्या डायटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, जावं लागतं.

बीएडसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आहे. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं: बुद्धिमत्तेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३०. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जायचं असेल तर इंग्रजीची वेगळी चाचणी द्यावी लागते. पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के हवेत, राखीवला थोडी सवलत आहे. गणित-विज्ञान विषय असलेल्या अभियंत्यांनाही ५५ टक्के असतील तर बीएड करता येतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. परीक्षा दिली म्हणजे झालं असं समजू नका. नंतर केंद्रीय प्रवेश फेरीची वेगळी नोंदणी, कागदांची पडताळणी आणि महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे असतात. सीईटीत चांगले गुण मिळवून फेरीची तारीख चुकवलेली मुलगी मी स्वतः रडताना पाहिली आहे. तिचं एक वर्ष गेलं.

महाविद्यालय निवडताना त्याला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा; फलकावर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. "यायची गरज नाही, परीक्षेपुरते या" असं जिथे सांगतात तिथून परत फिरा. नियमानं तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला ९० टक्के हजेरी लागते, आणि बीएडमधला तो सराव २० आठवड्यांचा असतो. वर्गासमोर उभं राहण्याची भीती त्या वीस आठवड्यांतच जाते. ते विकत घेता येत नाही.

दूरशिक्षणातून बीएड करावं का, असंही विचारतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बीएड सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे. इग्नूचंही आधी अध्यापनाचं मान्य प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी. नुसती पदवी हातात असलेल्याला तो रस्ता नाही.

कोर्स झाला की टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती पहिली ते आठवीसाठी सक्तीची आहे. नववीपासून पुढे ती लागत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. सीबीएसईची सीटीईटी, म्हणजे केंद्रीय पात्रता परीक्षाही चालते. पहिला पेपर पहिली ते पाचवीचा, दुसरा सहावी ते आठवीचा. प्रत्येकी १५० गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण हवेत, राखीवला ५५ टक्के. दुसऱ्या पेपरमध्ये ६० गुण गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे असतात, तेव्हा पदवीचा विषय बघूनच निवडा. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत आता गेली, ते आयुष्यभर चालतं. आणि यातून पळवाट शोधू नका. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे.

टीईटीनं तुम्ही पात्र ठरता, नोकरी लागत नाही. नोकरीसाठी दुसरी परीक्षा आहे, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. मुलं तिला 'टेट' म्हणतात आणि नावाच्या सारखेपणामुळे कोचिंगवालेही गोंधळ घालतात. २०० प्रश्न, २०० गुण, दोन तास: १२० गुण अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. इथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसतं. जितके गुण तितकं यादीत वर. ही चाचणी दरवर्षी होत नाही. २०१७, मग २०२३, मग २०२५, अशा अंतरानं ती झाली. म्हणून जाहिरात येईपर्यंत अभ्यास थांबवून ठेवणाऱ्याचं नुकसान होतं.

त्यानंतर पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ. जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका आणि खाजगी अनुदानित संस्था यांच्या जागा तिथे येतात. आधी तुम्ही स्वतःची माहिती भरून स्वप्रमाणपत्र लॉक करता, मग प्राधान्यक्रम देता. मुलाखतीशिवायच्या यादीत चाचणीचे गुण आणि आरक्षण यांवर थेट निवड होते. मुलाखतीच्या यादीत उमेदवार संस्थेकडे जातो, पाठ घेतो, मुलाखत देतो. अनुदानित शाळेत "पोर्टल राहू द्या, आम्ही घेतो" असं सांगून कोणी रक्कम मागितली तर देऊ नका. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (सरकारच्या पगार प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक) यांशिवाय पगार निघत नाही. त्या आशेवर वर्षानुवर्षं फुकट राबणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता कागद. दहावी, बारावी, पदवी, डीएलएड किंवा बीएडच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, टीईटीचं प्रमाणपत्र, चाचणीचं गुणपत्रक, महाराष्ट्राचा अधिवास दाखला, राखीव प्रवर्गाला जातीचा दाखला आणि जात वैधता, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, दिव्यांग, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त असाल तर त्याचा पुरावा, आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. जात वैधतेला महिने लागू शकतात, ती कोर्सला असतानाच करून घ्या. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला एका आर्थिक वर्षापुरता असतो, जुना जोडू नका. लग्न झालेल्या मुलींनी विशेष जपावं. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर माहेरच्या बाजूनं निघतात, गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या असतात आणि आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा. पोर्टलवर भरलेली माहिती आणि पडताळणीच्या टेबलावरचा कागद यांत फरक निघाला तर हातातली निवड जाते. वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून जातात. जानेवारी २०२३पासून प्राथमिकला महिना १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये मानधन मिळतं. आधी ते सहा, आठ आणि नऊ हजार होतं. नेमणूक परजिल्ह्यात मिळू शकते, तेव्हा भाड्याची खोली, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे यांचा हिशेब प्राधान्यक्रम भरण्याआधी घरच्यांसोबत बसून करा. तीन वर्षं समाधानकारक झाली की नियमित वेतनश्रेणी लागते.