इंग्लंडच्या खेड्यातलं मूळ शोधताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंग्लंडातले पूर्वज शोधून घ्यायला आमच्याकडे दोन प्रकारची मंडळी येतात. काही जण मुंबई-पुण्याचे किंवा इगतपुरी-भुसावळचे, ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा रेल्वेत नाहीतर पलटणीत इंग्लंडहून आले. बाकीच्यांची सून किंवा जावई इंग्रज असतो आणि नातवंडांच्या वंशावळीची अर्धी बाजू कोरी पडलेली असते. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "किती पिढ्या मागे जाता येईल?"

पिढ्यांचा आकडा आधी कबूल करायला आम्ही कचरतो. आजकाल संगणकावर आडनाव टाकलं की पाच मिनिटांत सोळाव्या शतकापर्यंतचं झाड उभं राहतं. त्यातली निम्मी माणसं दुसऱ्याच कुणाची तरी आजोबा-पणजोबा असतात. नाव जुळणं वेगळं आणि नातं शाबीत होणं वेगळं. आम्ही पैसे घेतो ते दुसऱ्या कामाचे.

पॅरिशच्या वह्या

१५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं फर्मान काढलं, की प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं एका वहीत लिहून ठेवावीत. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, साधारण एक गाव आणि त्याच्या वाड्या. आपल्याकडच्या कोतवाल बुकासारखंच हे काम, फक्त लिहिणारा पाद्री. सुरुवातीच्या वह्या कागदी होत्या, त्या फाटल्या, ओलीनं गेल्या. १५९८ मध्ये हुकूम निघाला की जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवा, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आली त्या १५५८ सालापासूनच्या तरी. बऱ्याच पाद्र्यांनी 'निदान' हाच शब्द धरला. त्यामुळे असंख्य गावांच्या नोंदी १५५८ लाच सुरू होतात.

त्याच हुकमानं दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवणं सक्तीचं झालं. मूळ वही हरवली असेल तिथे ही नक्कल उपयोगी पडते. दोन्ही असतील तर आम्ही दोन्ही पाहतो, कारण नक्कल करताना नावं गळतात. १६४० च्या दशकातल्या यादवी युद्धात तर पुष्कळ गावांत वर्षानुवर्षं कुणी काही लिहिलंच नाही.

आता नोंद कशी दिसते ते पाहा. "विल्यमचा मुलगा जॉन" आणि तारीख, बस्स. आईचं नाव असेलच असं नाही, आणि असलं तरी माहेरचं आडनाव बहुधा नसतं. काही वह्या लॅटिनमध्ये आहेत, तिथे विल्यमचा गुलिएल्मुस होतो. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर नवरा-नवरी आणि साक्षीदार सही किंवा फुली करू लागले. १८१३ पासून छापील वह्या आल्या आणि बापाचा धंदा, राहण्याचं ठिकाण, मयताचं वय हे रकाने भरले जाऊ लागले. १ जुलै १८३७ पासून सरकारी दाखले मिळतात. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं, त्यामुळे तिथून अलीकडचं काम पुष्कळ सोपं.

तारखांची एक गंमत नवीन ग्राहकांना हमखास चकवते. १७५२ पर्यंत इंग्लंडात सरकारी आणि चर्चच्या लेखी नवं साल २५ मार्चला लागायचं. आपल्या पाडव्याच्याच सुमाराला, म्हणा ना. म्हणजे 'डिसेंबर १६४०' मध्ये बाप्तिस्मा झालेलं मूल 'फेब्रुवारी १६४०' मध्ये पुरलं गेलं, तर त्यात काहीच चूक नाही. फेब्रुवारी नंतरचा आहे.

आमची एक चूकही सांगतो. एका गावात हवा तो विल्यम सापडला: बाप योग्य, साल योग्य. त्याच्या आईबापांच्या मागे आम्ही दोन महिने घालवले. मग दफनाच्या वहीत दिसलं, की तो विल्यम अडीच महिन्यांचा असतानाच गेला होता. आपला विल्यम शेजारच्या पॅरिशमधला निघाला. त्या ग्राहकाचे पैसे आम्ही परत केले. तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की आधी दफनाची वही उघडायची, हा आमच्याकडे नियम आहे. गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या भावंडाला ठेवायचीही तिथे सर्रास पद्धत होती. तेव्हा एकाच घरात दोन जॉन दिसले तर गोंधळू नका.

मृत्युपत्रानं गाठ कशी बसते

याला शेक्सपिअरच्या घरासारखं उदाहरण नाही. तो मोठा लेखक म्हणून नव्हे. त्याचे दोन्ही आजोबा वॉरिकशरचे शेतकरी होते म्हणून.

त्याचे वडील जॉन आणि आई मेरी यांच्या लग्नाची नोंद आज कुठेच मिळत नाही. मग ही मेरी कुठली? विल्मकोट गावच्या रॉबर्ट आर्डननं २४ नोव्हेंबर १५५६ ला मृत्युपत्र केलं. त्याला आठ मुली. सगळ्यांत धाकट्या मेरीला त्यानं विल्मकोटमधली 'अ‍ॅस्बीज' नावाची जमीन दिली, तीही उभ्या पिकासह. तो गेल्यावर शेजाऱ्यांनी त्याच्या मालमत्तेची यादी केली: आठ बैल, सात गायी, मेंढरं, मधमाश्या, भिंतीला लावायची रंगीत चित्रांची कापडं, एकूण ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्स. मग १५७८ चा एक गहाणाचा व्यवहार सापडतो. स्ट्रॅटफर्डचा जॉन शेक्सपिअर आणि त्याची बायको मेरी हीच अ‍ॅस्बीज ४० पौंडांना गहाण टाकतात. जमीन परत मिळेना म्हणून पुढे कज्जेही झाले. लग्नाचा कागद नसताना शेताच्या नावावरून बाप-लेकीची गाठ पक्की बसते.

या गोष्टीला शेपूटही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विल्मकोटमधलं एक घर 'मेरी आर्डनचं घर' म्हणून दाखवलं जात होतं. १९३० मध्ये ते जतन करण्यासाठी विकतही घेतलं गेलं. २००० साली जुने कागद तपासताना उघड झालं, की ते घर शेजारी अ‍ॅडम पामर याचं. मेरीचं घर म्हणजे बाजूचं शेतघर. रॉबर्टनं मृत्युपत्रावर देखरेख करायला ज्यांना नेमलं होतं, त्यांच्यातलाच हा पामर. इतक्या नावाजलेल्या घराण्याच्या बाबतीत दोनशे वर्षं ऐकीव माहिती चालली, तर सफक परगण्यातल्या एखाद्या सुतार पूर्वजाचं काय!

मृत्युपत्र वाचताना नात्यांचे शब्द आजच्या अर्थानं घेऊ नका. शेक्सपिअरनं १६१६ च्या आपल्या मृत्युपत्रात सख्ख्या नातीला, एलिझाबेथ हॉलला, 'नीस' म्हटलं आहे. आज त्याचा अर्थ भाची किंवा पुतणी. 'सन-इन-लॉ' सावत्र मुलालाही म्हणत आणि 'कझिन' तर कुणालाही. मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ वेगळे मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा फार जाच होतो. त्याच मृत्युपत्रात बहिणीच्या तीन मुलांपैकी एकाच्या नावाची जागा कोरी आहे. थोरल्याला फक्त एक शिलिंग ठेवला असेल तर लगेच भांडण झालं असेल असं समजू नका. पुष्कळदा त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असे.

१२ जानेवारी १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत मंजूर होत, म्हणून ती विखुरली आहेत. साधी माणसं जिल्ह्याच्या पातळीवर जात, मालमत्ता मोठी किंवा एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत असेल तर कँटरबरी किंवा यॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयात. कँटरबरीची लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, यॉर्कची यॉर्कमध्येच. ज्यांचे पूर्वज डेव्हन परगण्यातले, त्यांना आधीच सांगून ठेवतो: १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात तिथल्या एक्सेटर शहरातली मृत्युपत्रं जळाली.

शेतमजूर सहसा मृत्युपत्र करत नसत. नवऱ्याच्या मागे विधवा करत. पण सवाष्ण बाईला १८८२ च्या कायद्यापर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय ते करता येत नव्हतं. गरिबांसाठी वेगळे कागद आहेत. १६६२ च्या कायद्यानं बाहेरून आलेल्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येई. त्याआधी त्याची शपथेवर जबानी होई: जन्म कुठला, कुणाकडे किती वर्षं चाकरी, लग्न कधी, मुलं किती. गावाबाहेर काढण्यासाठी घेतलेली ही जबानी म्हणजे कित्येकदा त्या माणसाचं एकमेव चरित्र असतं.

इथून तिथे

पूर्वज मुंबई इलाख्यात आला असेल तर सुरुवात इथूनच होते. इथल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. १७०९ पासूनच्या त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांची नावं मिळतात. शिपाई असेल तर पेन्शनच्या कागदांत जन्माचं पॅरिशच मिळण्याची शक्यता असते, आणि मग अर्धी लढाई जिंकली.

घराण्याची ढालचिन्हं आम्ही विकत नाही. इंग्लंडात ती आडनावाला मिळत नसत. एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळत.

पहिला टप्पा दहा तासांचा असतो. नोंद सापडली नाही तरी त्या तासांचे पैसे लागतात. कुठे पाहिलं आणि काय नाही मिळालं, हे लेखी देतो. प्रत्येक जोडणीपुढे आम्ही 'पक्की', 'बहुतेक' किंवा 'अंदाज' असं लिहितो. 'अंदाज'वर पुढची पिढी चढवा म्हणून आग्रह धरू नका.

पाठवताना मूळ कागद पाठवू नका, फोटो पुरेत. बायबलचं पहिलं पान, नोकरीचं प्रमाणपत्र, थडग्यावरचा मजकूर, काहीही चालेल. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईशी आधी बोलून घ्या. जुन्या फोटोंची मागची बाजूही स्कॅन करा. गावाचं नाव बहुतेक वेळा तिथेच पेन्सिलीनं लिहिलेलं असतं.