पार्श्वभूमी : एल्समियर पोर्टच्या लाकडी बोटी

इंग्लंडच्या कालव्यांवरची मालवाहतूक रेल्वेने पोखरली आणि ट्रकने संपवली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. बोटींचं पुढे काय झालं, हे तितकंसं ठाऊक नाही. १९४८मध्ये बहुतेक कालवे सरकारी मालकीचे झाले, त्यांच्याबरोबर बोटींचे मोठे ताफेही आले. लाकडी बोटींना भंगारात भाव नव्हता. त्यामुळे १९५०च्या दशकात लंडनच्या वायव्येला हेअरफील्डजवळ, खडी काढून झाल्यावर पाण्याने भरलेल्या खाणींत त्या मुद्दाम बुडवण्यात आल्या. १९६२-६३च्या कडक हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलासुरला धंदाही मोडला.

वायव्य इंग्लंडमधल्या एल्समियर पोर्टच्या गोदीत श्रॉपशायर युनियन कालवा मँचेस्टर शिप कॅनॉलला मिळतो. तिथली जुनी गोदामं १९७०मध्ये आगीत गेली. त्या पडीक आवारात काही हौशी मंडळींनी बोटी आणायला सुरुवात केली आणि १९७६मध्ये कालव्यांवरच्या बोटींचं संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. मिळेल ती बोट उचलायची, निवड नंतर करू, असं ते दिवस होते. त्याबद्दल आज त्यांना दोष देणं मला पटत नाही. मागे हेअरफील्डला बुडवलेल्या बोटींचं उदाहरण होतं. पण निवड नंतरही झाली नाही. बोटींची संख्या साठच्या पुढे गेली आणि सांभाळणारे हात मात्र तेवढेच राहिले.

बोट ही वापरात असतानाच टिकते. सत्तर फूट लांब, सात फूट रुंद अशा या बोटींच्या बगला ओकच्या आणि तळ एल्म या झाडाच्या लाकडाचा असे. एल्म सतत पाण्याखाली राहिला तर वर्षानुवर्षं टिकतो. ओला-कोरडा होत राहिला की सडतो. धंद्यात असलेली बोट ठरावीक काळाने सुक्या गोदीत चढे, फटी बुजवल्या जात, गरम डांबरात शेण आणि केस कालवून फळ्यांवर लेप दिला जाई. संग्रहालयात हे चक्र थांबलं. पावसाचं गोडं पाणी वरून झिरपत राहिलं, गळती पंपावर तोलून धरली गेली, आणि पंप बंद पडला की बोट तळाला गेली. या शतकाच्या पहिल्या दशकात गोदीत बुडालेल्या बोटी पाहणाऱ्यांना धक्का बसला, तो रास्तच होता. पण बाहेर काढून उन्हात ठेवणं हाही उपाय नव्हता. फळ्या आकसतात, आणि पाण्याचा आधार गेला की सांगाडा स्वतःच्याच वजनाने वाकतो.

खरा गुंता शब्दाचा आहे. मराठीत आपण ‘जीर्णोद्धार’ सहज म्हणतो. देवळाचे दगड बदलले तरी देऊळ तेच राहतं. संग्रहालयाच्या शास्त्रात ‘जतन’ म्हणजे मूळ द्रव्य राखणं, कमीत कमी हात लावणं, केलेलं काम पुढे उलटवता येईल असं करणं. खुर्चीला किंवा चित्राला हा नियम शोभतो. लाकडी बोटीच्या बाबतीत तो लावला, तर सडलेली फळी ‘मूळ’ म्हणून तशीच ठेवावी लागते आणि तिच्या शेजारची फळीही जाते. उलट बोट बांधणारे कारागीर म्हणतात की फळी बदलणं हीच बोटीची रीत. कामावरच्या बोटीत पहिल्या दिवशीचं लाकूड असं उरतच नसे. ‘सॅटर्न’ ही १९०६ची, घोडे बदलत रात्रंदिवस धावणाऱ्या जलद बोटींपैकी शेवटची उरलेली बोट. चेशरचं चीज नेण्यासाठी अशा बोटी वापरत. या शतकाच्या सुरुवातीला ती पुन्हा उभी राहिली, ती बरंचसं नवं लाकूड घालून. ही सॅटर्नच का? माझ्या मते होय. आकार, जोडकामाची पद्धत आणि पाण्यावरचं चालणं टिकलं, आणि ते काम करणारे हातही शिकले. ‘फ्रेंडशिप’ ही खेचराने ओढली जाणारी बोट मात्र छपराखाली आणली गेली. ती पुन्हा पाण्यात जायची नाही, पण तिचं मूळ लाकूड समोर आहे. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. चूक झाली ती कुठलाच निर्णय न घेता वर्षं जाऊ देण्यात.

१९९९मध्ये एल्समियर पोर्टसह तीन कालवा-संग्रहालयं एका न्यासाखाली आली आणि २०१२मध्ये तो न्यास कालव्यांचा सगळा कारभार घेणाऱ्या नव्या संस्थेत विलीन झाला. पैसा कालव्यांच्या बांधांना आणि पाणदारांना (बोटी वरखाली चढवणाऱ्या लॉकच्या दारांना) आधी, बोटींना नंतर, हा क्रम काही बदलला नाही. कुठल्या बोटी ठेवायच्या, कुठल्या दुसऱ्यांना द्यायच्या, कुठल्या मोडायच्या, हा प्रश्न मात्र उघडपणे विचारला जाऊ लागला. ऐतिहासिक जहाजांसाठीच्या मार्गदर्शक नियमांत आता मोडण्यालाही जागा आहे, पण आधी फळीन् फळी मोजून, नकाशे आणि छायाचित्रं करून.

आणि ज्या बोटी ठेवायच्या त्यांच्यासाठी लाकूड कुठून आणायचं? १९७०च्या दशकातल्या रोगाने इंग्लंडमधले मोठे एल्म जवळपास संपवले. संग्रहालय उघडलं ते याच दशकात.